दोन झटके

वहिनीनं त्याला दवाखान्यातून हाकलून दिलं, तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. दादाला ऑपरेशनसाठी आत नेऊन दोन तास झाले होते आणि तेवढ्या वेळात यानं दिसेल त्या नर्सला तोच प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं.

"भावजी, तुम्ही घरी जा बरं," वहिनी म्हणाली. "ह्यांचं हृदय डॉक्टर बघून घेतील. तुमच्या येरझाऱ्यांनी माझं बंद पडायचं."

तिचंही काही चुकलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो छोटूच होता, आणि काळजी करायची म्हटली की खरोखरच छोटू व्हायचा. आईवडील लवकर गेले. त्याला चालायला, सायकल चालवायला, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायला, सगळं दादानंच शिकवलं. दादा नसेल तर आपण काय करायचं, हा विचार तो मनाच्या दाराशीसुद्धा उभा राहू देत नव्हता.

आत नेताना दादा त्याला एवढंच बोलला होता. "मी परत येईपर्यंत माझ्या गाडीत स्पीकर बसवून ठेव. चार वर्षं झाली, उद्या बघू म्हणतोयस."

दोघांचं वर्कशॉप होतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या तिथून गात बाहेर पडायच्या आणि दादाचा जुना पिकअप मात्र मुका तो मुकाच. कारण साधं होतं. नव्या गाड्यांच्या दारांत वायर न्यायची सोय कंपनीच करून देते. या म्हाताऱ्याच्या दारात काहीच नव्हतं, खिडकीची काचसुद्धा हँडल फिरवून खाली करायची. म्हणजे दाराला भोक पाडा, दार ज्याला टांगलेलं असतं त्या समोरच्या खांबाला भोक पाडा, दोन्हींमध्ये रबरी नळी बसवा आणि त्या नळीतून तार पलीकडे न्या. कंटाळवाणं, चिकट काम.

पण आज त्याला स्वस्थ बसवत नव्हतं. वर्कशॉपचं शटर त्यानं अर्धं ओढून घेतलं, चालकाच्या बाजूचं दार सताड उघडलं, त्याच्या आतलं पुठ्ठ्याचं आवरण काढून भिंतीला टेकवलं. दाराच्या पत्र्यात स्पीकर बसेल एवढं गोल भोक होतं. आतून शिळ्या धुळीचा आणि ग्रीसचा वास आला. मग दोन तास भोकं पाडण्यात, त्यांच्या कडा घासण्यात आणि नळी बसवण्यात गेले. फोन त्यानं डॅशबोर्डवर ठेवला होता. दर पाच मिनिटांनी त्याकडे बघून झालं, पण तो काही वाजला नाही.

आता तार. हे खरं तर दोघांचं काम. एकानं डॅशबोर्डखाली डोकं खुपसून पोलादी तार नळीत ढकलायची, स्पीकरची वायर तिच्या शेपटीला चिकटपट्टीनं बांधलेली. दुसऱ्यानं दाराच्या भोकात हात घालून ती चाचपडत पकडायची आणि दोन झटके द्यायचे. दोन झटके म्हणजे सापडली, सोड. आणि सोडायचीच, कारण ढकलणाऱ्यानं धरून ठेवली तर ओढणाऱ्याचा हात पत्र्याच्या धारेवर कापतो. विशीत एकदा यानं धरून ठेवली होती आणि दादाच्या अंगठ्याला चार टाके पडले होते. त्यानंतर कधीच नाही. झटके आले की याची बोटं आपोआप उघडायची.

आज एकट्यानं करायचं होतं. तो गाडीतल्या पायपुसण्यावर आडवा झाला, डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि तार ढकलू लागला. वर पत्रा उन्हानं तडकत होता. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. तार थोडी पुढे सरकली, अडली, वळवल्यावर पुन्हा सरकली.

आणि पलीकडून दोन झटके आले.

त्याची बोटं उघडली. मनानं काही ठरवायच्या आत, सवयीनं. हातभर वायर सुळकन नळीत गेली.

"कोण... टायरवाला का?" त्यानं डोकं वर न काढताच विचारलं. शेजारचा टायरवाला कधीकधी मदतीला यायचा.

वायर अजून हातभर गेली.

त्यानं डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं. दार उघडं होतं. दारापाशी कोणी नव्हतं. शटरखालून येणारं ऊन जमिनीवर जिथल्या तिथं होतं, त्यावर पावलं नव्हती. दाराच्या गोल भोकात काळोख होता, आणि त्यातून धुळीचा वास येत नव्हता. स्पिरिटचा येत होता. सकाळपासून ज्या वासानं त्याचं डोकं भणभणलं होतं, तोच, दवाखान्याचा.

पुन्हा दोन झटके. सोड.

असे झटके जगात एकच माणूस द्यायचा. आणि तो माणूस आत्ता टेबलावर पडलेला होता.

"दादा..." तो पुटपुटला. "दादा, आज नाही... आज नाही सोडणार."

सुटायला आलेली वायर त्यानं दोन्ही हातांनी धरली, पंजाभोवती वेटाळली आणि पाय खांबाला रोवले. पलीकडची ओढ घाईची नव्हती. सावकाश होती, न थकणारी. वायर तळव्यात रुतली, रक्त आलं. आत पत्र्यावर काहीतरी घासत होतं. तो रडत होता, शिव्या देत होता, दादाला, स्वतःला, त्या चार वर्षांना. त्याचं बळ संपत आलं होतं, आणि मग कुठून कोण जाणे, अंगात दुप्पट जोर आला. वायर बोटभर मागे आली. मग हातभर. मग एकदम ढिली पडली आणि तो सीटवर उताणा कोसळला.

वायरीचं टोक त्याच्या मांडीवर होतं. चिकटपट्टी व्यवस्थित सोडवलेली. पोलादी तार नव्हती.

फोन वाजला तेव्हा तो उचलायला त्याला दोन हात लागले.

"भावजी," वहिनी हुंदके देत होती. "अहो, शुद्धीवर आलेत! मध्ये हृदय थांबलं होतं म्हणे, डॉक्टरांनी आशा सोडली होती... पण आता छान आहेत. ऐकताय ना?"

ऐकत होता. जमिनीवर बसून, गुडघ्यात डोकं घालून, हसत आणि रडत ऐकत होता. इतकं हलकं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याला हाताशी घेऊन त्यानं तासाभरात दोन्ही दारांचं काम उरकलं. टायरवाल्यानं दारात कोपरापर्यंत हात घातला. पोलादी तार मिळाली नाही. "घाईघाईत ढकललीच नसशील," तो म्हणाला, आणि यानंही ते आनंदानं मान्य केलं. स्पीकर झकास वाजले.

चौथ्या दिवशी दादाला साध्या खोलीत हलवलं. वहिनी चहा आणायला गेली तेव्हा दोघंच उरले. दादा सुकला होता, पण डोळे तेच, मिस्कील.

"वायर अडकली होती ना रे?"

यानं हे कोणालाही सांगितलं नव्हतं. पट्टी बांधलेला हात त्यानं दादाच्या हातावर ठेवला.

"तू झटके दिलेस, दादा. मी सोडली नाही. रागावू नकोस."

दादानं त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"मी कुठले झटके देतोय?" तो हळूच म्हणाला. "मी तुझ्या पाठीमागं होतो, छोटू. तुला एकट्याला झेपेना, म्हणून तुझ्या कमरेला धरून ओढत होतो."

बाहेर व्हरांड्यात चहाचे कप किणकिणले.

"मग दारात..."

"तेच तुला विचारणार होतो," दादा म्हणाला. "तू पुढं होतास. मला वाटलं, तुला दिसलं असेल."