मधल्या रेषेजवळचं टक्कल

एकतीस वर्षं फुटबॉल स्टेडियमचे माळीकाका हरळीची मर्जी सांभाळत आले होते. त्याच्या निम्मी माझी सांभाळली असती तर, असं बायको म्हणायची, आणि काका हसून कामाला निघायचे. हिरवंगार मैदान समोर दिसलं की या माणसाला दुसरं काही नको होतं.

यंदा मात्र मधल्या रेषेजवळ, पूर्वेच्या कडेपासून चार पावलं आत, टक्कल पडलं. पाय फाकवून एक माणूस उभा राहील एवढंच. काकांनी किडे शोधले, माती चाळली, तीनदा नवी हरळी लावली. सामने बंद होते आणि फाटकाची किल्ली काकांच्या खिशात. तरी रोज सकाळी तिथली माती ताजी उकरलेली असे, आणि तिच्यात बुटांच्या खिळ्यांचे ठसे. सगळे एकाच जागी. येतानाचे नाहीत, जातानाचे नाहीत.

दोन महिन्यांत तपासणीचे साहेब येणार होते. मैदान नापास झालं तर सामने दुसऱ्या शहरात जाणार आणि स्टेडियम पाडलं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी ऑफिसातल्या हेडक्लार्क बाईंनी कपाटाच्या तळातून जुना नकाशा काढला. स्टँड बांधण्याआधीचा. तेव्हा लोक भोवतीच्या भिंतीवर चढून सामने बघत, आणि मैदान आडवं होतं, पूर्व-पश्चिम, आताच्या पश्चिमेच्या स्टँडच्याही मागं गेलेलं. बाईंनी पूर्वेच्या गोलसमोर बोट ठेवलं.

"तुमचं टक्कल इथं येतं, काका. गोलकीपर उभा राहतो ना, तिथं."

काकांनी दोरी लावून मोजलं. वीतभरही फरक निघाला नाही.

काका भुताखेतांना मानत नव्हते. पण गोलकीपर म्हणजे काय हे त्यांना पक्कं माहीत होतं. चेंडू कुठंही असो, बिचारा जागा सोडत नाही, उभ्या उभ्या माती उकरत राहतो. त्यांना त्याची दयाच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या मैदानात जाऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ते बोलले.

"दादा, मध्यंतर झालं. आता बाजू बदला. तेवढी माझी हरळी वाचेल."

त्यानंतर ठसे दिसले नाहीत. आठवड्यात कोंब आले, महिन्यात जागा ओळखू येईना. तपासणीचे साहेब नेमके तिथंच उभे राहून वा म्हणाले आणि मैदान पास झालं. काकांना आभाळ ठेंगणं झालं.

ते शीळ घालत घरी आले. घर म्हणजे पश्चिमेच्या स्टँडमागचं स्टेडियमचंच क्वार्टर. बायको चहा टाकता टाकता गुणगुणत होती, कितीतरी वर्षांनी.

ओट्यासमोरची फरशी झिजली होती. दोन पावलांपुरती, खोलगट.

"गवंड्याला सांगा सवडीनं," बायको म्हणाली. "मला घाई नाही. हल्ली घरात एकटं वाटत नाही."

काकांना नकाशाचं दुसरं टोक आठवलं, पश्चिमेचा गोल.

ती साखरेचा डबा घ्यायला वळली. फरशीच्या त्या जागेशी आल्यावर तिनं कोपर आत घेतलं, अंग चोरलं, आणि उभ्या माणसाच्या बाजूनं जावं तशी पलीकडे गेली.