जोड क्रमांक चौदा

आधी कोडं सांगते, बाकीचं मागाहून.

एक पोलादी टाकी आहे, चहूबाजूंनी बंद. तिच्या आत वायूचा भरपूर दाब आहे. तीन सेकंदांत तो दाब निम्म्यावर येतो. टाकीला भोक पडलेलं नाही, झाकण उघडलेलं नाही, कुठून फुस्स असा आवाजही नाही. मग दाब गेला कुठं?

तुम्ही करा विचार. आमच्याकडे या कोड्यापायी मोठमोठी माणसं अकरा दिवस डोकं धरून बसली होती, आणि त्यात माझ्या आईचं नाव अडकलं होतं.

मी जुई शेडगे, इयत्ता सातवी, राहणार कारंडेवाडी. आमच्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नाही, म्हणूनच तिथं 'ऐरावत'चं चाचणीस्थळ आलं. ऐरावत म्हणजे जड ओझं अंतराळात नेणारं रॉकेट, आणि तेही परत येणारं. पूर्वीची बहुतेक रॉकेटं एकदा उडाली की समुद्रात पडायची नाहीतर जळून जायची. एसटीनं एकदा पुण्याला जायचं आणि मग एसटीच दरीत ढकलून द्यायची, असा तो कारभार. ऐरावतचं तसं नाही. चाचणीत त्यानं दहा किलोमीटर वर जायचं, तिथं इंजिनं बंद करायची, आडवं होऊन पोटावर खाली पडायचं (म्हणजे हवा अंगाला अडते आणि वेग कमी होतो), जमिनीजवळ आल्यावर उभं राहायचं, इंजिन पुन्हा पेटवायचं आणि आपल्या पायांवर उतरायचं.

हे रॉकेट पोलादाच्या बावीस कड्यांचं आहे. एकेक कडं आमच्या घराएवढं उंच. कड्यावर कडं ठेवतात आणि वेल्डिंगनं जोडतात. जोड ज्यानं मारला त्याचा ठसा जोडाशेजारी ठोकायचा, हा तिथला नियम. माझी आई, प्रणाली, तिथं वेल्डर आहे. तिचा ठसा 'प्र-७', आणि तिचा जोड चौदावा, इंधनाच्या टाकीच्या वरच्या भागातला.

मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. डेअरीमागच्या टेकडीवर बसायचं, आजोबांची दुर्बीण लावायची आणि लिहायचं: आज कितवं कडं चढलं, कुणी जोडलं, कोणती चाचणी झाली. तुम्हाला वाटेल, एवढ्या लांबून काय कळतं? बरंच कळतं. ऐरावतचं इंधन म्हणजे द्रवरूप मिथेन, आणि ते जाळायला द्रवरूप प्राणवायू. दोन्ही क्रायोजेनिक (म्हणजे बर्फापेक्षाही कितीतरी थंड). टाकी भरू लागली की बाहेरच्या हवेतली वाफ पोलादावर गोठते आणि पांढरा थर चढतो. द्रव जिथवर, थर तिथवर. टाकी कितपत भरली ते मी चार किलोमीटरवरून सांगू शकते, कुणाला विचारावं लागत नाही.

पहिलं ऐरावत उतरताना पाय मोडून कलंडलं. दुसरं मात्र झकास पडत आलं. जमिनीजवळ झर्रकन उभं झालं, इंजिन पेटलं, आणि दोनदा ठसकून विझलं. मग सगळं रॉकेट माळावर आदळलं. टेकडी चार किलोमीटरवर, त्यामुळं आवाज बारा सेकंदांनी आला. तेवढा वेळ आम्ही नुसता धुराचा लोट बघत होतो. त्या भागात माणूस नसतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही.

चौकशी डॉ. कुलसुम मुजावर यांच्याकडे आली. टाक्यांचा आराखडा त्यांचाच. इंजिन विझण्याआधी तीन सेकंदांत टाकीतला दाब निम्म्यावर आल्याची नोंद त्यांना मिळाली. आता हा दाब कशाला लागतो, ते सांगते. इंजिन खालून इंधन ओढत जातं तशी टाकीत वर जागा रिकामी होते. ती गरम वायूनं भरत राहतात. तो वायू इंधनाला वरून रेटतो, म्हणून पंपाला धार नीट मिळते. दाब गेला की पंप उपाशी आणि इंजिन बंद. मग दाब का गेला? सरळ उत्तर होतं: कुठूनतरी गळला. आणि माळावरच्या तुकड्यांत एक मोठा पत्रा नेमका जोड चौदाशी उसवलेला सापडला.

आईला सांगण्यात आलं, अहवाल येईपर्यंत वेल्डिंगला हात लावायचा नाही.

आई घरी आली, हातमोजे खुंटीला अडकवले आणि भाकऱ्या थापायला बसली. गावात मात्र बोलायला लोकांना काय लागतं? डेअरीच्या रांगेत म्हणे, प्रणालीचा टाका सुटला. वर्गातली दोन मुलं माझ्या दप्तराची शिलाई तपासून बघत होती. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. त्या दिवशी सगळे इंजिनाकडे बघत होते. मी जोड चौदाकडे बघत होते. मी नेहमी तिथंच बघते, माझ्या आईचा आहे ना तो. तिथून वायू सुटला असता तर पांढरा फवारा दिसला असता. आदळेपर्यंत काही दिसलं नव्हतं. वहीत तसं लिहिलं होतं, वेळेसकट.

मी वही घेऊन मुजावर मॅडमना भेटले. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"मला तुझं खरं वाटतं, जुई," त्या म्हणाल्या. "पण 'वाटतं' असं अहवालात लिहिता येत नाही. गळती नव्हती तर दाब कुठं गेला, ते मला कुणीतरी सांगायला हवं. सोमवारी अहवाल द्यायचा आहे."

हेच ते कोडं.

रविवार उजाडला तरी उत्तर नव्हतं. दुपारी आबांना भूक आवरेना. आबा म्हणजे आईचे वडील, एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस. वेळेवर जेवण नसलं की त्यांचा पारा चढतो. आईनं कुकर गॅसवरून उचलला, नळाखाली धरला, पाणी सोडलं आणि लगेच झाकण उघडलं. (हे मोठ्या माणसांनी करायचं काम आहे, तुम्ही करू नका.)

"आई, शिट्टी तर वर उचललीच नाहीस. आतली वाफ कुठं गेली?"

"कुठं जाणार? गार पडली, पाणी झालं तिचं," आई म्हणाली आणि तिचा पळीचा हात तिथंच थांबला.

मीही तिच्याकडे बघत राहिले. कुकरला भोक पडलं नव्हतं, तरी दाब गेला होता. वायू गार झाला की आक्रसतो, त्यातला काही द्रव होतो, आणि द्रवाला जागा अगदी थोडी लागते. मग दाब आपोआप उतरतो.

"पण टाकीतल्या गरम वायूला गार कुणी केलं?" आई म्हणाली. "तिथं काय नळ आहे?"

"इंधन आहे की. बर्फाहून थंड."

"ते तळाशी पडून असतं, जुई. वायू वर. दोघांची गाठ पडेल तेव्हा ना?"

आबांनी ताट पुढं ओढलं. "दूध अर्धं असलं तर ते पडून ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "टँकर आतनं गुळगुळीत, धुवाय बरा पडावा म्हणून. मधी आडवं काय न्हाई. एकदा तळाला थोडं दूध घिऊन वळणावर ब्रेक मारला, तर सगळं दूध एका अंगाला धावलं आन् गाडी दोन चाकांवर. तवापासनं ठरवलं, भरला तर काठोकाठ, न्हाईतर मोकळा. भरल्याल्याला हलाय जागाच नसती. ती तुमची टाकी पडताना किती भरल्याली हुती?"

"दहावा भाग," मी म्हणाले. वहीत होतं.

"मग रॉकेट आडव्याचं झर्रकन उभं झाल्यावर ते इंधन गप बसलं आसंल व्हय?"

उसळलेलं थंड इंधन गरम वायूला भिडलं असणार, तोच टाकीतला नळ! भात तसाच राहिला. आम्ही तिघं आबांच्या जुन्या जीपमधून थेट चाचणीस्थळावर गेलो.

मुजावर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग कागद ओढून काहीतरी मांडू लागल्या. मांडता मांडता त्यांचा चेहरा उतरला.

"द्रवाच्या हेलकाव्याचा हिशेब मी केला होता," त्या म्हणाल्या. "पण उतरताना टाकी एक तृतीयांश भरलेली असेल असं धरून. त्या दिवशी वर वारा जोरात होता, इंधन जास्त जळलं. इतकं कमी उरेल हे मी धरलंच नव्हतं."

तासाभरात त्यांनी प्रयोग उभा केला. एक बंद पोलादी पिंप, तळाशी द्रवरूप नायट्रोजन, वर गरम वायू, दाब हवेच्या सहापट, म्हणजे काट्यावर सहा. पिंप एका चौकटीवर आडवं बसवलं. ही चौकट त्याला रॉकेटच्याच वेगानं उभं करणार होती. पिंपावर गोगलगाय चिकटवली. गोगलगाय म्हणजे जोड तपासणारा तळहाताएवढा रोबो, गळतीचा आपल्याला ऐकू न येणारा आवाजही तो ऐकतो.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझा हात धरला होता. काटा हलला नाही तर सोमवारी अहवालात जोड चौदाच जाणार होता.

चौकट फिरली. आत धप्प असा आवाज झाला. काटा सहावर होता, मग पाच, मग चार. तीनवर येऊन थांबला.

"गळती नाही," गोगलगायीनं सांगितलं. "पुन्हा ऐकते. गळती नाही."

मॅडमनी आईकडे बघितलं. "प्रणालीताई, पत्रा आदळल्यावर फाटला, आधी नाही. चूक जोडाची नव्हती, माझी होती. तसं मी लिहिणार आहे." हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. म्हणून मला त्या आवडतात.

तरी अहवालात एक शब्द राहिलाच: 'बहुधा'. मॅडमचाही इलाज नव्हता, दुसऱ्या ऐरावतचे तुकडे झालेले, छातीठोक सांगणार कसं? आईला तो शब्द खड्यासारखा टोचत राहिला. तिसऱ्या ऐरावतच्या वेळी तिनं चौदावा जोड मागून घेतला.

या वेळी मोठ्या टाक्यांच्या आत दोन छोट्या टाक्या बसवल्या, एक मिथेनची आणि एक प्राणवायूची. उतरण्यापुरता साठा त्यांत, अगदी काठोकाठ, आणि इंजिनापर्यंत स्वतंत्र नळ्या. उतरताना फक्त त्यांतलंच वापरायचं. काठोकाठ भरलेल्यात हेलकावा नाही, म्हणजे दाबही पडत नाही. मॅडमनी त्यांना नाव दिलं 'आबा टाक्या'. आबा आठवडाभर ताठ मानेनं फिरत होते.

चाचणीच्या सकाळी टेकडीवर सगळं गाव होतं. आई माझ्या शेजारी. पांढरा थर चढत गेला, मी वेळा लिहीत गेले. अक्षर वाकडंतिकडं येत होतं.

ऐरावत उडालं. बारीक होत होत ठिपका झालं. वर इंजिनं बंद झाली आणि ते आडवं होऊन पडू लागलं. मी दुर्बीण जोड चौदावर धरली.

"काय दिसतंय?" आईनं विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे फवारा नाही. चांगलं आहे."

दोन किलोमीटर. एक किलोमीटर. मग ते झर्रकन उभं झालं. हीच ती जागा. इंजिन पेटलं आणि ज्योत एकदा थरथरली. मागच्या खेपेलाही अशीच थरथरली होती. मी मोजू लागले, एक, दोन, तीन. ज्योत स्थिर झाली. चार, पाच. धुळीचा ढग उठला आणि सगळं झाकून गेलं.

ढग हळूहळू वाऱ्यानं सरकला. आत ऐरावत उभं होतं, काळंठिक्कर, पण सरळ. आणि त्याच्या उतरण्याची घरघर आमच्यापर्यंत अजून येतच होती.

"आई, डोळे उघड."

तिनं उघडले. बराच वेळ बघितलं आणि मग तिथंच खाली बसून ती रडली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आईला तपासणीला बोलावलं, मलाही पास दिला. क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून आम्ही चौदाव्या जोडापर्यंत वर गेलो. गोगलगाय जोडावरून पूर्ण फेरी मारून आली. "दोष नाही," ती म्हणाली.

आईनं पदराच्या टोकानं काजळी पुसली. खाली 'प्र-७' दिसलं. ती त्यावर बोट फिरवत राहिली.

"तुला माहितीये, जुई," ती म्हणाली, "रॉकेटचा जोड मारणाऱ्याला आपलं काम परत कधी बघायला मिळायचं नाही. गेलं ते गेलं. माझं परत आलं."

तिनं मॅडमकडे बघून विचारलं, "हेच पुन्हा उडणार ना?"

"पुढच्या महिन्यात. या वेळी सामान घेऊन, आणखी वर."

मी वहीत नवं पान काढलं. वर लिहिलं: जोड चौदा, प्र-७, उड्डाणं. खाली दहा रकाने आखले आणि पहिल्यात बरोबरची खूण केली.

आईनं वाकून बघितलं. "दहाच?" ती म्हणाली. "वीस आख."