बुधवारी बंद पडणारी गाडी

रुझार एका पायाने आला. उजवीकडची पँट गुडघ्यापाशी दुमडून पिनेने टाचली होती.

वामनबाबांनी घाईघाईने नेमकं उंच स्टूल पुढे केलं. एस्मेराल्दा कुलासोने ते पायाने मागे ढकलून हातांची खुर्ची दिली. वामनबाब निवृत्त पोस्टमास्तर, तिच्या तपासात सोबतीला असायचे. मनाने सोनं, पण बुद्धी साध्या टपालाची. एस्मेराल्दाने वीस वर्षं विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासल्या होत्या. आता ती स्वतःच्या घरातून खाजगी तपास करायची.

"गाडी कोणी बिघडवली ते सांग, बाय," रुझार म्हणाला. "मांय म्हणते, काइतानने टाकीत साखर घातली. आज चारला आमच्या अंगणात पायलटांची सभा आहे. स्टँडच्या फळ्यावरून त्याचं नाव पुसणार. पुसलं की त्याला या गावात कोणी मागे बसणार नाही."

"तुला काय वाटतं?"

"मांय म्हणाली, मी मान हलवली."

रुझारसुद्धा पायलट, म्हणजे मोटरसायकलवर भाडी मारणारा. पुढचा मडगार्ड पिवळा, बाकी गाडी काळी. पाच बुधवार त्याची गाडी बंद पडली. पाचव्या बुधवारी उतारावर बंद पडली आणि मागून ट्रक आला.

"फक्त बुधवारी?"

"बुधवारी माझी सुटी. घरून उठतो तो थेट मडगावला जातो. जेसिंताकडे." त्याने नजर खाली घातली. "तिचे पोर्तुगालचे कागद झालेत. लग्न करून दोघं जाणार होतो. आठ-नऊ किलोमीटर गाडी झकास जायची, मग आचके देऊन बंद. एकदा पेट्रोल बघायला झाकण उघडलं, तर पेट्रोल होतं. झाकण लावलं, किक मारली, चालू. पुन्हा तेवढंच गेल्यावर बंद."

"आणि विमानतळाची भाडी?"

"चाळीस किलोमीटर. कधी खोकलीसुद्धा नाही."

"म्हणजे गाडीला जेसिंता आवडत नसणार," वामनबाब म्हणाले. कोणी हसलं नाही.

जुवांव मेकॅनिकच्या आवारात वाकड्या चाकाची गाडी अपघातापासून तशीच उभी होती.

"दर गुरुवारी आणायचा," जुवांव कुरकुरला. "प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला. गुरुवारी गाडी शहाण्या सुनेसारखी. अपघातानंतर मात्र हात लावला नाही. रक्त होतं."

मडगार्डवर पांढऱ्या मेणाचा ओघळ होता. चर्चच्या फेस्ताच्या दिवशी प्रत्येक पायलट सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, मेणबत्तीचा थेंब तिथे घेतो. उन्हाने वितळून तो पार खालपर्यंत गेला होता.

एस्मेराल्दाने गाडी सुरू करायला लावली. वामनबाबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा जांभई दिली. पंचवीस मिनिटांनी इंजिन आचके देऊन मेलं. तिने टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून हवा आत गेली. झाकण लावलं, किक मारली, गाडी चालू.

"टाकीत साखर नाही," ती आत बॅटरी मारून म्हणाली. मग झाकणाच्या वरच्या बाजूला केसातली पिन घातली. टोकाला गुलाबी कण आला. तो तिने रुमालात बांधला.

काइतान स्टँडवर एकटाच बसला होता. त्याचा ओठ फाटला होता.

"रुझारवर जळायचास म्हणे?" एस्मेराल्दाने विचारलं.

"जळतो की. त्याला पोरगी, पोर्तुगाल; मला हा फणस." त्याने डोक्यावरच्या झाडाकडे बोट केलं. "पण मारलं कोणी, तर माझ्याच मित्रांनी. रुझार कुबड्या टेकून बघत होता. थांबा म्हणाला नाही."

चारला रुझारच्या मांयच्या, कान्सेसांवच्या, अंगणात सगळे जमले. ती चुलीवर मेण ढवळत होती. कपेलाच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, दारात ती मेणाचे हात-पाय विकायची. ज्याचं जे दुखतं, ते तो सायबिणीला वाहतो. सुपात गुलाबी पाय ओळीने मांडलेले.

"उन्हात वाकत नाहीत का?" वामनबाबांनी एक उचलला.

"माझे? मी राळ घालते. अख्ख्या तालुक्यात कोणी घालत नाही." तिने काइतानकडे पाहिलं. "ह्यांची, रुझारच्या बापाची, गाडी मीच धुवायचे. टाचणीने भोक न् भोक साफ. वीस वर्षांत एकदा बंद पडली नाही. माझ्या पुताच्या गाडीत या मेल्याने साखर घातली."

"साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही," एस्मेराल्दा म्हणाली. "ती तळाशी दिसली असती. टाकी स्वच्छ आहे."

तिने शेजारच्या मोटरसायकलच्या टाकीवर बोट टेकवलं.

"टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा तिथून आत येते. भोक बुजवलं की गाडी थोडी जाते, मग पेट्रोल उतरेना होतं. झाकण उघडलं की पुन्हा चालू. रुझारने पेट्रोल बघायला उघडलं तेव्हा तेच झालं."

"मग काइताननेच बुजवलं," कान्सेसांव म्हणाली.

"बुधवारी गाडी स्टँडवर जातच नाही. घरून निघते. बिघाड बुधवारी पहाटे घरी होई आणि त्याच रात्री घरीच निघून जाई, म्हणून गुरुवारी जुवांवला काही सापडेना. पाचव्या बुधवारी गाडी घरी आलीच नाही. म्हणून हे राहिलं." तिने रुमाल उघडला.

"मेण तर सगळ्यांच्याच गाडीवर आहे," वामनबाब म्हणाले.

"ते पांढरं. उन्हाने वितळून वाहिलं. हे गुलाबी, त्याच गाडीवर, त्याच उन्हात, आणि दगडासारखं. यात राळ आहे."

वामनबाबांनी हातातला पाय हळूच सुपात ठेवला.

कान्सेसांवने पळी खाली ठेवली नाही. "ती त्याला नेणार होती. मी नुसती थांबवत होते. वाटेत बंद पडेल, कंटाळेल, घरी येईल. उतारावर पडेल हे मला काय ठाऊक?"

"आणि काइतान?" एस्मेराल्दाने विचारलं. "त्याने काही केलं नाही, हे तर ठाऊक होतं."

"कोणाचं तरी नाव घ्यायला हवं होतं."

रुझारचा चेहरा मेणासारखा झाला होता. तो कुबड्यांवर वळला. "काइतान, मडगावला सोड मला. आत्ता."

काइतानने किक मारली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. त्याने रुझारच्या दुमडलेल्या पँटकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"मागे बसायला दोन्हीकडे पाय टाकावे लागतात, रुझार. आणि गाडी बिघडवणारा मीच म्हणे. तू मान हलवलीस ना? चालत जा."

तो गेला. एकेक करून सगळे पायलट गेले. कोणी रुझारला मागे बस म्हणालं नाही, कारण आता त्याच्याकडे बघायचीच सगळ्यांना लाज वाटत होती.

"पोलिसांत द्यायचं?" वामनबाबांनी हळूच विचारलं.

"ते रुझार ठरवेल. त्याला आता वेळच वेळ आहे."

फाटकाशी एस्मेराल्दाने मागे वळून पाहिलं. रुझार पायरीवर बसला होता. कान्सेसांव साच्यात मेण ओतत होती.

"उजवा करते, पुता," ती म्हणाली. "सायबिणीला वाहू. आता तू कुठे जायचा नाहीस ना?"