आमेनची जागा

ओकलंडमधल्या त्या कॅफेत शार्लीन कॉफी घ्यायला शिरली, आणि मागच्या टेबलावरून तिला तिच्या वडिलांचा आवाज आला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर, तळहाताएवढ्या चौकटीत तिचे वडील, चर्चमध्ये प्रवचन देणारे पास्टर हॉलिस, एकटेच ओरडत होते. एक ओळ म्हणत, थांबत... पुढे नुसती शांतता. पुन्हा ओरडत. बघणारी पोरं हसून लोळत होती.

"बंद करा ते!" शार्लीन कडाडली.

पोरांनी पडदा मिटला. कोपऱ्यातला एक उंच तरुण तिला ओळखून चाचरत उठला.

"ते... मीच इंटरनेटवर टाकलंय. मी डेमेट्रियस. तुमच्या चर्चनंच बोलावलं होतं, आजाऱ्यांना घरबसल्या प्रवचन बघता यावं म्हणून. पण आवाज किती स्वच्छ आलाय ना? थेट पास्टरांच्या माइकला वायर जोडली होती—"

"स्वच्छ? माणसं पुसून टाकलीस तू! प्रवचनात डॅडी ओळ म्हणतात, आम्ही बाकांवरून 'आमेन' म्हणत उत्तर देतो, त्या उत्तरावर पाय ठेवून ते गाण्यापर्यंत चढतात. टाळी एका हातानं वाजते का रे? सगळं जग त्यांना वेडा म्हणतंय. आता डॅडी म्हणतात, मी पुन्हा प्रवचन देणार नाही!"

"मी हेडफोन लावून बसलो होतो... मला वाटलं, मागचा गोंगाट—"

गोंगाट! कॉफी त्याच्या डोक्यावर ओतावी, असं तिला वाटलं. पण त्याचे डोळे असे भरून आले होते, की कॉफी वाया गेली असती.

"आत्ता काढून टाकतो."

"लोकांनी कधीच उचलून पसरवलंय. रविवारी ये. आणि ते कानावरचं घरी ठेव."

तो आला. बाकाबाकांत माइक लावत तिच्यापाशी पोचला.

"इथं बसू?"

"माइक बसव. तू उभा राहा."

पास्टर नुसती प्रार्थना सांगायला उठले. पण व्यासपीठावर गेल्यावर राहवलं नाही. "दरी... खोल होती," ते हळूच म्हणाले.

कोणी उत्तर देईना. कॅमेऱ्याचा लाल दिवा बघून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. पास्टरांनी पुस्तक मिटायला घेतलं—

"बोला, पास्टर, बोला!" डेमेट्रियस ओरडला. बेसूर, नको तिथं.

"अरे पोरा, त्यांना श्वास तरी घेऊ दे!" चर्चमधल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाई, मदर ओला म्हणाल्या, आणि सगळं चर्च हसलं. पास्टरही हसले. हसताहसताच गरजले, "दरी खोल होती!"

"होती!" छप्पर हादरलं. प्रवचन गाण्यापर्यंत चढलं, तेव्हा शार्लीन उभी राहून रडत होती.

नंतर पायऱ्यांवर त्यानं तिला चित्रण दाखवलं. डॅडींची ओळ, बाकांचा कल्लोळ, माइकजवळचा तिचा "आमेन!"... आणि मागून, किंचित उशिरा, त्याचा.

"हा माझा... कापून टाकू?"

"हात तर लावून बघ!" ती भडकली. मग टोपी सावरत म्हणाली, "पुढच्या रविवारी शेजारी बस. मी कोपर मारेन, तेव्हाच बोलायचं. समजलं?"

आणि तिनं कोपर मारलं.

"आमेन," तो म्हणाला. अगदी वेळेवर.