लपवलेली कळ

"अहो, तो माझा सांधा आहे... ठेवा खाली!"

थ्री-डी प्रिंट करून देणाऱ्या दुकानात मी इतक्या जोरात ओरडले, की काउंटरवरच्या काकांनी दचकून चष्मा वर केला. एक उंच माणूस माझ्या घडीच्या कुबडीचा नमुना हातात घेऊन उभा होता. सांधा उघडायचा, मिटायचा आणि चक्क कान लावून ऐकायचा!

"आवाज छान येतो," तो म्हणाला.

"तो फुकट ऐकायला ठेवलेला नाही." मी नमुना हिसकावून पिशवीत टाकला. डोळे मात्र त्याचे चांगले होते. असल्या माणसांचे असतातच.

माझा संशय उगाच नव्हता. टेबलाला लावायच्या दिव्याचा चिमटा ही माझी पहिली वस्तू. ती एका ओळखीच्यानेच उचलली आणि आमच्याआधी बाजारात आणली. दादाने तेव्हाच बजावलं होतं, "आता ही कुबडीही गेली, तर कारखान्याला कुलूप." कुबडी उघडली की आतली इवलीशी कळ खाचेत बसते आणि माणसाचं वजन पेलते. माझं सगळं डोकं त्या कळीत होतं.

दोन दिवसांनी दादाने साचे बनवणाऱ्याला ऑफिसात बोलावलं. दारातून आला तो हाच, कान लावणारा! माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तुमचं सॉफ्टवेअर आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "कुठेही उघडेल अशी स्टेप फाइल द्या. तिच्यात नुसता आकार येतो. तो तुम्ही कसकसा घडवलात, ते येत नाही."

"तेच बरं."

"मला नाही बरं," तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला... आणि दिवसभर तेच आठवत राहिलं.

त्याने फक्त बाहेरच्या कवचाचा साचा करायचा होता. म्हणून मी कळ लपवली, पडद्यावर सांधा रिकामा दिसतोय याची खात्री केली, फाइल एक्सपोर्ट केली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"आत एक कळ आलीय. ती मला द्यायची होती का?"

कळ मी नुसती नजरेआड केली होती, फाइलमधून काढलीच नव्हती. बाकीच्या भागांबरोबर तीही निमूट निघून गेली होती.

"तुम्ही... पाहिलीत?"

"हो."

"किती वेळ?"

"चहा गार होईपर्यंत."

"एकच कप?"

"...तीन."

मी तडक त्याच्याकडे गेले. जिना चढून वरची खोली, खालून यंत्रांची धडधड, गरम प्लॅस्टिकचा वास. आणि त्याच्या पडद्यावर भली मोठी माझी कळ! तो तिची मापं घेत होता.

"सापडलात!" मी म्हणाले.

"बरं झालं आलात." त्याचा चेहरा गंभीर होता. "साच्यातलं प्लॅस्टिक गार होताना आकसतं. कवचातली खाच आवळेल, कळ अर्धीच बसेल. कुबडी उघडल्यासारखी दिसेल, पण कुणी भार टाकला की..." त्याने तळहात हळूच खाली झुकवला.

मला ते पडणारं माणूस दिसलं. प्रिंट केलेला नमुना नीट चालत होता, त्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी गप्प बसलो असतो, तर तुम्हाला कळलंही नसतं," तो म्हणाला.

"हुशार चोरही असंच म्हणेल."

त्याने माझ्यासमोर फाइल पुसली. "आता?"

"आणि डोक्यातली?"

"ती पुसता येत नाही. प्रयत्न केला. तिच्याबरोबर... तुम्हीही निघत नाही."

माझे कान तापले. संशय जिथल्या तिथे होता, आणि तरी हा माणूस मला आवडत होता. दोन्ही एकदम कसं सांभाळतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

"तुम्ही मला आवडता," मी म्हणाले. "विश्वास अजून बसलेला नाही. म्हणून ते डोकं रोज माझ्या डोळ्यांसमोर हवं."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा."

खाच बदलायची तर मूळ फाइल लागणार होती. मी लॅपटॉप काढला आणि ती उघडली. पहिल्या रेघेपासूनची, खोडलेल्या प्रयत्नांसकट. ती मी आजवर दादालाही दाखवली नव्हती. तो मात्र दूर, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून.

"अहो, सरकून बसा इकडे," मी म्हणाले. "तिथून काय दिसणार?"