चेनला करडईचं तेल

सायकलच्या चेनला कुठलं तेल घालावं, हा प्रश्न कुणी मला विचारला की आमची नीलम्मा पदर तोंडाला लावून आत निघून जाते. तिला ठाऊक असतं, आता अर्धा तास गेला. जाऊ दे. दिंद्रुडात सायकलचं दुकान चालवून मी केस पांढरे केलेत, एवढा हक्क तर मला आहेच.

तर ऐका. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिची धूळ पिठासारखी बारीक होते आणि जाड वंगण दिसलं की त्यात कालवून बसते. म्हणून उन्हाळ्यात शिलाई मशीनचं पातळ तेल, पावसाळ्यात जरा जाड इंजिन ऑइल. ग्रीस चेनच्या बाहेरच बसतं, आत शिरत नाही, ते बेअरिंगला. आणि तेल घालायचं ते चेनच्या पोटात, पायडल उलटं फिरवत, एकेका कडीवर एकेक थेंब. मग पाठ फडक्यानं कोरडी पुसायची. खायचं तेल कधीच घालायचं नाही. त्यातही करडईचं तर नाहीच नाही, कारण हवा लागली की ते चिकट होतं आणि मग त्याचा डिंकासारखा थर धरतो. करडईचं तेल भज्यांना, चेनला नाही, हे माझं ठरलेलं वाक्य.

ते मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकवलं शहादेवला. शहादेव कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते बघत दिवसभर कालव्याच्या भरावावरून सायकल हाकायचा. घाण्यावरचं करडईचं तेल औषधाच्या बाटलीत भरून आणायचा आणि माझ्याच दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मशीनच्या तेलाला नाक मुरडून ते चेनला घालायचा. चेन पुसून झाली की फडक्याची नीट चौघडी करून सीटखाली खोचायचा आणि जाता जाता तेलाचं बोट माझ्या दाराच्या चौकटीला पुसायचा. त्या उंच माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, नेहमी त्याच जागी.

“शहादेवा, चौकट काय पोतेरं हाय का बे?”

“तुमच्या दुकानाला दिष्ट लागू न्हाई म्हनून तीट लावतो, आप्पा,” असं म्हणून तो हसायचा.

नवल एवढंच की त्याची चेन कधी वाजली नाही. रोज घालतो, थर धरायला वेळच मिळत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता आणि तो बरोबरच होता.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात शहादेव गेला. आमच्या गावात एसटीडीचा बूथ आला ते हेच वर्ष. कालव्याच्या पुलाजवळ सायकल स्टँडवर लावून सावलीला टेकला, तो उठलाच नाही. मला फार वाईट वाटलं. भांडायला हक्काचं माणूस राहिलं नाही. पुढं दुकानाच्या चौकटीला निळा ऑइलपेंट मारताना त्याच्या बोटांचे डाग घासायची वेळ आली तेव्हा माझा हात काही केल्या चालेना. शेवटी नीलम्मानं घासले.

शाळा उघडायच्या तोंडावर शहादेवची बायको सिंधुबाई त्याची सायकल घेऊन दुकानात आली. सोबत तिची मुलगी आशामती. पोरगी दहावीत गेली होती. त्यांची वस्ती कालव्यापलीकडं, तिकडं एसटी जात नाही, आणि शाळा दिंद्रुडात.

“आप्पा, ही सायकल आता आशा नेनार,” सिंधुबाई म्हणाली. “हिच्या बापाला हिला मास्तरीण करायची होती. पर हिचे चुलते म्हनत्यात, पोरगी कालव्यावरनं एकटी कशी जानार? चेन पडून पोरगी रस्त्यात अडकली, की शाळा बंद.”

“सुंदरराव म्हणतो?”

“त्यांनी उमापूरचं स्थळ बगून ठिवलंय.”

आशामतीनं सायकलचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“वैनी, चेन माझ्यावर सोडा,” मी म्हणालो. “पडली तर दुकानाला टाळं लावीन.”

बढाई होती, पण उगाच नव्हती. चेन काढून रॉकेलमध्ये भिजवली. शहादेव गेल्यापासून उभ्या राहिलेल्या चेनवर धरलेला तेलाचा थर ब्रशनं खरवडला. मशीनचं तेल घातलं, पाठ पुसली. पायडल मारलं की चाक गरगर फिरत राहायचं. आशामती पहिल्यांदाच हसली.

तिसऱ्या दिवशी ती सायकल ढकलत आली. कालव्याच्या पुलाजवळ चेन पडली होती.

मी चेन बोटात धरून पाहिली. कोरडी होती, म्हणूनच कडी आखडून दातावरून उतरली होती. धुळीनं कोरडी होते तशी नाही. रॉकेलनं धुऊन, कडी न कडी पुसून ठेवावी, तशी लख्ख. मी इंजिन ऑइल घातलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा पुलाजवळच. चेन जुनी म्हणून मी पदरमोड करून नवीन टाकली. तीही कोरडी. त्या दिवसांत औरंगाबादहून एक विक्रेता नव्या धर्तीच्या फवारायच्या तेलाचा डबा नमुना म्हणून देऊन गेला होता. मोठ्या आशेनं तोही मारून पाहिला. संध्याकाळी त्याचा वाससुद्धा उरला नव्हता.

तेल उडून जात नाही. ते कुणीतरी पुसतं. एवढं मला कळत होतं.

“वैनी, चेन रॉकेलनं धुता का?” मी सिंधुबाईला विचारलं.

“रॉकेल दिव्याला पुरंना, आप्पा. चेनला कुठून आनू?”

मग राहिला सुंदरराव. त्याला पोरीचं लग्न उरकायचं होतं, हात त्याचाच असणार. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी होता. नेमकी तेव्हाच त्याच्या समोर चेन पडली आणि त्यानं भर रस्त्यात सांगून टाकलं, “उद्या सांजच्याला मी पुलावर हुबा ऱ्हातो. उद्या पडली, की परवा उमापूरला.”

दुसऱ्या दिवशी मी पोरीला सांगितलं, सायकल शाळेत नेऊ नकोस, माझ्या दुकानात ठेव. शाळा सुटली की इथूनच घेऊन जा. सुंदररावाला हात लावायला वावच ठेवायचा नाही, असा माझा हिशोब. दुपारी चेनच्या पोटात मशीनचं तेल घातलं, पाठ पुसली, फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकलं. दुकानाच्या फळ्या लावल्या, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि जेवायला घरी गेलो. घर म्हणजे रस्त्याच्या पलीकडं. ओसरीवर ताट घेऊन दुकानाकडं तोंड करून बसलो.

“आवं, भाकरीकडं बगून खावा की,” नीलम्मा म्हणाली. “दुकान कुटं पळून चाललंय?”

दुकानाला दुसरं दार नाही. मी जेवत होतो तोवर दाराशी कुणी फिरकलं नाही. सावलीला एक कुत्रं येऊन झोपलं, तेवढंच.

हात धुऊन गेलो. कुलूप जसंच्या तसं होतं.

फळ्या काढल्या. कुत्रं उठलं आणि रस्ता ओलांडून पार आमच्या ओसरीखाली जाऊन बसलं.

आत पत्र्याच्या भोकांतून ऊन पडलं होतं. सायकल मी ठेवली तिथंच स्टँडवर होती. मागचं चाक अगदी सावकाश फिरत होतं. मी बघत राहिलो आणि ते थांबलं.

चेन कोरडी होती.

मी कोपऱ्यात फडकं शोधलं. तिथं नव्हतं. सीटखाली खोचलेलं होतं, नीट चौघडी करून.

मग मी मागं वळून दाराकडं पाहिलं. चौकटीच्या आतल्या बाजूला, निळ्या रंगावर, खांद्याच्या उंचीवर एक बोट पुसलेलं होतं. ओलं. जवळ जाऊन वास घेतला. माझंच तेल होतं, मशीनचं.

मी घाबरलो, कबूल करतो. टायरच्या ढिगावर बसलो. पण बसल्या बसल्या भीतीपेक्षा मला रागच जास्त आला. मेला तरी माझं ऐकेना! पाच वाजता पोरगी येणार होती, पुलावर चुलता उभा राहणार होता, आणि ह्याचं आपलं तेलाला नाक मुरडणं चालूच.

उठलो आणि तडक घरी गेलो.

“नीलम्मा, करडईचं तेल हाय का? घाण्याचं?”

“कावून? भजी करता का?”

माझ्या तोंडाकडं पाहून तिनं वाटीत तेल काढून दिलं. मी दुकानात आलो, खाली बसलो आणि उभ्या आयुष्यात जे कुणाला करू दिलं नाही ते स्वतः केलं. एकेका कडीवर एकेक थेंब. पाठ पुसली. फडक्याची चौघडी केली आणि सीटखाली खोचली. पायडल हातानं फिरवलं. चेन फिरत होती हे डोळ्यांना दिसत होतं, कानाला काहीच ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी आशामतीच्या मागं मागं मीही माझी सायकल काढली. पुलावर सुंदरराव हातात छत्री घेऊन उभा होता. पोरीनं वेग कमी केला नाही. पुलाचा चढ तिनं बसल्या बसल्या चढला, उभं राहून दाब द्यावा लागला नाही. चुलत्याच्या अंगावरून गेली, उतारावरून खाली गेली, उसाच्या फडाआड दिसेनाशी झाली. सुंदरराव मला म्हणाला, “वाजंना बी की, आप्पा. कंचं तेल घातलं?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

त्यानंतर ती चेन कधी पडली नाही. दर आठवड्याला मी बाटलीतलं करडईचं तेल घालायचो. चौकटीवर अधूनमधून बोट उमटायचं, ते मी पुसायचं सोडून दिलं. दुकानाला तीट असलेली बरी. पोरगी दहावी पास झाली तेव्हा पेढे घेऊन आला तो सुंदररावच. बारावीही तिनं त्याच सायकलवर केली. मग अंबाजोगाईला डी.एड.ला नंबर लागला, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. वस्तीवर गंजेल म्हणून सिंधुबाईनं सायकल माझ्याकडं ठेवली. मी भिंतीत दोन हूक ठोकून ती वर टांगली. दसऱ्याला सगळ्या हत्यारांबरोबर तिची पूजा केली आणि चेनला भरपूर तेल घातलं. फार समाधान वाटलं. शहादेवची पोरगी मास्तरीण होणार होती.

दिवाळीला आशामती भेटायला आली. दुकानाच्या पायरीवर बसून भरभरून बोलत होती. तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर तेज आलं होतं.

“करमतं का गं तिकडं?” मी विचारलं.

“लई करमतं, आप्पा. आधी वाटलंतं भ्या वाटंल, पर न्हाई. झोप बी चांगली लागती. फकस्त चपलांची वाट लागली बगा. आवारात सगळा तांबडा मुरूम टाकलाय.” तिनं पाय वर करून चप्पल दाखवली. मग एकदम आठवल्यासारखी हसली. “अन् रेक्टरबाई रोज वरडत्यात.”

“कावून?”

“आमच्या खोलीच्या चौकटीला कोन तरी तेलकट बोट पुसतंय. आमी चौघी घासून घासून काडतो, दोन दिसांनी पुन्ना हाय तितंच. बाई म्हनत्यात, तुमच्यातलीच कोन तरी केसाचं तेल पुसती. पर केसाच्या तेलाचा वास तसा नसतोय, आप्पा.”

“कुठं पुसतं? खाली की वर?”

ती उठून दारात उभी राहिली आणि हात आपल्या डोक्याच्या उंचीला नेला. मग हसली. “जाता जाता तितं बोट पुसंल येवढी उच्ची आमच्यात कुनीच न्हाई. अन् बाप्या मानसाला तर फाटकाच्या आत बी घेत न्हाईत.”

नीलम्मानं तिला फराळ बांधून दिला. ती गेली. मी हात हलवला आणि आत येऊन वर टांगलेल्या सायकलकडं पाहिलं.

दसऱ्याला तेल घातलेली चेन कोरडी पडली होती. पुसलेली नव्हती, वापरून कोरडी झाली होती. मी टायरच्या नक्षीत नख घातलं. आमची माती काळी. नखात निघाला तो तांबडा मुरूम होता.

मी स्टूल ओढलं आणि करडईची बाटली घेतली. अंबाजोगाई काही जवळ नाही. एवढ्या लांबच्या पल्ल्याला चेन कोरडी ठेवून चालत नाही.