महंत भवानगीरांचे मृत्युपत्र

पूर्वेला तांबडे फुटले, कर्दळगडाच्या तिहेरी तटावरून धुके खाली सरकू लागले, आणि पायथ्याच्या गोसावी मठात सोळाव्या दिवसाच्या भंडाऱ्याच्या चुली पेटल्या. महंत भवानगीर समाधिस्थ झाले होते. आज त्यांचे मृत्युपत्र वाचायचे म्हणून सुभेदार विसाजीपंत जातीने आले होते. गडाचे किल्लेदार हैबतराव घारगे भरजरी मंदिल बांधून लोडाला टेकले होते. आणि जोत्याखाली, पायताणे काढतात तिथे, सगुणाबाई बसली होती.

तिची जागा तीच. बारा वर्षांपूर्वी गडाला वेढा पडला असता कोणीतरी आतून चोरदिंडी उघडली आणि गड पडला. तिचा नवरा, दरवाज्याचा नाईक सिदोजी, दिंडीतच मरून पडलेला सापडला, आणि हैबतरावांनी फितुरीचा आळ त्या मेलेल्याच्याच माथी मारला. मेलेला काय बोलणार? पुढे गड परत घेतल्याचे श्रेय लाटून हैबतराव किल्लेदार झाले आणि सगुणा फितुराची बायको ठरली. दिंडी कोणी उघडली हे ती मनोमन जाणून होती, पण हाती पुरावा नव्हता. तो मिळाल्यावाचून मरायचे नाही, एवढ्या एका हट्टावर ती जगली होती.

मठाची रीत अशी, की घेणाऱ्याने तळहातावर पाणी घेऊन वस्तू आपली म्हणून पंक्तीसमोर सांगायचे. धनी न मिळालेली वस्तू नदीत सोडायची. शिष्य रतनगीर वाचू लागले. व्याघ्रांबर काशीच्या आखाड्याला. पोथ्या रतनगीरांना. तांबडी घोडी, जी कोणालाच पाठीवर बसू देत नसे, ती सुभेदारांना. यावर पंक्तीत हशा पिकला.

“सोन्याच्या मुठीची कट्यार, मुठीवर सिंहमुख. ज्याची असेल त्याने न्यावी.”

हैबतराव ताठ बसले. घारग्यांच्या कुळाची ती कट्यार बारा वर्षे खंडेनवमीच्या पूजेला नव्हती. ती मूळगावच्या देवघरात आहे, असे ते भाऊबंदांना सांगत आले होते. महंताचे तोंड त्यांनी पिंपळवाडी इनाम देऊन बंद केले होते. म्हाताऱ्याने इमान राखून ठेव परत केली, असेच त्यांना वाटले. आणि कुळाचे शस्त्र नदीत जाऊ देणारा घारगे अजून जन्माला यायचा होता.

“महाराजांचा आमच्या घराण्यावर लोभ होता,” ते हातावर पाणी घेऊन म्हणाले. “कट्यार आमची. आजोबांपासून दुसऱ्या कोणाच्या कमरेला ती लागलेली नाही.”

कट्यार त्यांच्या हाती आली. मग रतनगीरांनी, आज्ञेप्रमाणे, दुसरा मोहोरबंद कागद फोडला.

“ही कट्यार मी सिदोजी नाइकाच्या पाठीतून काढली. प्रेताला आंघोळ मी घातली. दिंडीचा अडसर त्याच्या मुठीत होता; तो दिंडी बंद करू पाहत होता. धन्याने आपले नाव आता स्वमुखे सांगितले आहे. गप्प राहण्यासाठी मी पिंपळवाडी घेतली, ते पाप माझे.”

“कागद खोटा आहे,” म्हणत हैबतराव कट्यार उपसून रतनगीरांवर धावले. पंक्तीतले शिपाई उठेउठेपर्यंत सगुणा जोते चढून मध्ये आली होती. तिने उघड्या हाताने पाते धरले. बोटांतून रक्त वाहू लागले, तरी तिने सोडले नाही.

“किल्लेदार, आता कुटं जाताय?” ती म्हणाली. “बारा वर्सं वाट बघितली म्या.”

“हैबतराव, शस्त्र सोडा,” विसाजीपंत शांतपणे म्हणाले. “आपण पाण्यावर बोलला आहात.”

तिसऱ्या दिवशी भर दुपारी हैबतरावांचा कडेलोट झाला. भाऊबंद सगुणेच्या पाया पडले, एक शब्द टाका म्हणाले. तिने टाकला नाही. कड्यावर उभी राहून तिने शेवटपर्यंत पाहिले. तिला बरे वाटले, आणि बरे वाटल्याची मुळीच लाज वाटली नाही.

मृत्युपत्रातले शेवटचे कलम उरले होते. पिंपळवाडी सगुणाबाईला द्यावी, तिने महंतांना क्षमा करावी. रतनगीर झारी घेऊन तिच्या दारी आले.

“हात पुढे करा, बाई.”

तिने फडके बांधलेला हात पुढे केला.

“म्हाराज मला बघून मान खाली घालायचे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, फितुराची बायको म्हून माझी लाज वाटती त्यांना.”

रतनगीरांनी झारी वाकवली, आणि सगुणेने मूठ मिटली; पाणी मुठीवरून ओघळून मातीत गेले.